पोरं वर्गात गप्प का बसतात?

संपादक साहेब,

मी मेळघाटात धारणी तालुक्यातल्या एका शाळेवर सहा वर्षं होतो. पहिलीतली एक पोरगी दप्तर मांडीवर घेऊन नुसती बघत बसायची, मला वाटायचं डोक्याने कमी आहे, आणि एक दिवस तीच पोरगी हंड्याजवळ धाकट्या भावाला ‘डा, डा’ करत पाणी पाजताना, त्याच्याशी घडाघडा बोलताना दिसली. कोरकूत, म्हणजे तिथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत, डा म्हणजे पाणी. कमी मी पडत होतो, मला तिची भाषाच येत नव्हती.

कोरकू ही काही मराठीची बोली नाही, मुंडा कुळातली, संथाळीच्या नात्यातली भाषा आहे, २०११ च्या जनगणनेत सव्वासात लाख लोकांची मातृभाषा. १८३५ ला मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या भाषांना कमी लेखलं याचा आपल्याला अजून राग येतो ना, मग आपणच या लेकरांना ‘जंगली’ म्हणतो, रंगावरून चिडवतो, ते काय आहे? भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्या, असं घटनेचं कलम ३५० अ १९५६ पासून सांगतंय. निदान पहिली-दुसरीच्या वर्गावर गावातलीच कोरकू बोलणारी शिकलेली पोरं नेमा, आणि पगार वेळेवर द्या.

एक निवृत्त शिक्षक, अमरावती