सई, "अ‍ॅबॉर्शनने क्राइमला हरवलं" हे वाक्य काढ

प्रिय सई,

निवडणुकीच्या जाहिरातींवरच्या तुझ्या पेपरचा ड्राफ्ट वाचून झाला. आईनेही वाचला, तिला खूप आवडला, पण तिला तू केलेलं काहीही आवडतं त्यामुळे ते धरू नकोस. मला पण आवडला, फक्त पहिल्याच पानावरचं एक वाक्य खटकलं आणि मग पुढची सगळी पानं त्याच वाक्याच्या जोरावर उभी आहेत म्हणून हे लांबलचक लिहायला बसलोय. तू लिहिलंयस की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या निवडणुकांच्या जाहिरातींमध्ये अ‍ॅबॉर्शनने क्राइमला हरवलं. वाचायला मस्त आहे, हेडलाइनसारखं. पण मी आयुष्यभर मीडिया प्लॅनिंग केलंय, साबणाचं, रंगाचं, एक-दोनदा पक्षांचं पण, आणि मला हे पटत नाही.

तूच दिलेली तारीख घे. ४ एप्रिल २०२३. राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या एका जागेची निवडणूक, जॅनेट प्रोटासिएविच विरुद्ध डॅन केली. (जज लोक निवडून देतात आणि त्यांच्या टीव्हीवर जाहिराती लागतात हे मी इथे कट्ट्यावर सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना, असो.) तिच्या बाजूने गर्भपाताच्या हक्काच्या जाहिराती, केलीच्या बाजूने ही बाई गुन्हेगारांना सोडते अशा जाहिराती, आणि ती ११ टक्क्यांच्या फरकाने जिंकली. इथपर्यंत तुझं बरोबर. पण त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर अजून एक प्रश्न होता ना? जामिनाचा. जज लोकांना जामिनाची रक्कम ठरवताना आरोपीचा आधीचा हिंसक गुन्ह्यांचा रेकॉर्ड बघता यावा म्हणून राज्यघटनेत बदल करायचा का. त्याला जवळपास दोन तृतीयांश लोकांनी हो म्हटलं. म्हणजे बघ, तोच माणूस, तोच कागद, तेच पेन, वर गर्भपाताच्या बाजूची जज निवडली आणि खाली जामीन कडक करा म्हणून खूण केली. मग कोणी कुणाला हरवलं? मतदाराच्या डोक्यात या दोन गोष्टी भांडतच नव्हत्या, त्या भांडत होत्या फक्त मीडिया प्लॅनमध्ये, तीस सेकंदाच्या स्लॉटसाठी.

आणि नोव्हेंबर २०२२ तर तू एका पॅराग्राफमध्ये उरकलंस, मला वाटतं खरी गंमत तिथेच आहे. गव्हर्नर टोनी एव्हर्स साधारण ३ टक्क्यांनी जिंकले, आणि त्याच दिवशी त्यांचेच लेफ्टनंट गव्हर्नर मँडेला बार्न्स सिनेटच्या जागेवर रॉन जॉन्सनकडून १ टक्क्याने हरले, फक्त सत्तावीस हजाराच्या आसपास मतांनी. एकाच सरकारमधली दोन माणसं, एकच दिवस, तेच मतदार. दोघांवरही क्राइमच्या जाहिरातींचा मारा झाला, एव्हर्सवर पॅरोलवर सोडलेल्या कैद्यांवरून आणि बार्न्सवर कॅश बेल, म्हणजे पैसे भरून मिळणारा जामीन, बंद करा म्हणाला यावरून. आदल्याच वर्षी मिलवॉकीजवळच्या वॉकेशात ख्रिसमस परेडमध्ये एकाने गाडी घुसवली होती, सहा जण गेले, आणि तो माणूस आधीच्या केसमध्ये हजार डॉलरच्या जामिनावर बाहेर होता. त्यामुळे जामीन हा शब्द त्या भागात नुसता शब्द राहिला नव्हता. मिलवॉकीत, राज्यातल्या सगळ्यात मोठ्या शहरात, २०२०, २०२१, २०२२ अशी सलग तीन वर्षं खुनांचा नवा रेकॉर्ड झाला. तू लिहितेस की क्राइमच्या जाहिराती म्हणजे नुसती भीती विकणं, भीती विकली हे खरंच आहे पण माल पूर्ण खोटा नव्हता, तेवढं कबूल कर, नाहीतर तुझे गाइड तिथेच लाल पेन काढतील.

बार्न्स काळा होता हे पण स्पष्ट लिही. त्याच्यावरच्या काही जाहिरातींत आणि पोस्टाने आलेल्या पत्रकांत त्याच्या त्वचेचा रंग आणखी गडद केला असा आरोप झाला होता. ही जुनी युक्ती आहे, १९८८ ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बुश विरुद्ध डुकाकिस मध्ये विली हॉर्टनची जाहिरात आली तेव्हापासून. मॅसॅच्युसेट्सच्या जेलमधून वीकेंडच्या सुट्टीवर सुटलेला कैदी, त्याचा काळापांढरा फोटो, खाली त्याने काय काय केलं ते, आणि गव्हर्नर डुकाकिस. आमच्या धंद्यात ती जाहिरात दाखवून शिकवायचे, कशी करावी म्हणून की कशी करू नये म्हणून ते शिकवणाऱ्यावर अवलंबून.

आता जाहिरात बघू, तू पाठवलेल्या लिंकवरच्या मी सगळ्या पाहिल्या, काही आवाज बंद करून. आवाज बंद करून बघायची सवय लाव. क्राइमची जाहिरात आवाज बंद करून पण कळते. सीसीटीव्हीची दाणेदार फ्रेम, लाल निळे दिवे, पिवळी टेप, मग उमेदवाराचा फोटो, असा निवडलेला की तोंड अर्धं उघडं आणि खालून प्रकाश, मग वर्तमानपत्राची हेडलाइन तिरकी येऊन थांबते. आवाज लावला की जाड पुरुषी आवाज. ही जाहिरात कुठे लावतात? संध्याकाळच्या लोकल न्यूजला. आणि लोकल न्यूज स्वतः काय दाखवते, आज कुठे गोळीबार झाला, तिथेही तेच लाल निळे दिवे. बातमी संपून जाहिरात कधी लागली ते कळत पण नाही. प्लॅनर म्हणून सांगतो, अशी जागा मिळणं म्हणजे अर्धं काम बातमीनेच करून देणं.

गर्भपाताची जाहिरात बरोबर उलटी. आवाज बंद केला तर काहीच कळत नाही, एक बाई खुर्चीवर बसलीय, खिडकीतला उजेड, डोळे कॅमेऱ्यात. सगळं तिच्या बोलण्यात. यातली मला सगळ्यात भारी वाटलेली विस्कॉन्सिनची नाहीये, केंटकीची आहे, २०२३ च्या गव्हर्नरच्या निवडणुकीतली, डेमोक्रॅट अँडी बेशिअर यांची. एक तरुण मुलगी सांगते की ती बारा वर्षांची असताना सावत्र बापाने तिच्यावर बलात्कार केला, आणि मग ती विरोधी उमेदवार डॅनियल कॅमेरॉन यांचं नाव घेऊन बोलते. तिथल्या गर्भपातबंदीच्या कायद्यात बलात्कार किंवा घरातल्याच माणसाने केलेला अत्याचार यासाठी पण सूट नव्हती. केंटकी हे किती रिपब्लिकन राज्य आहे तुला माहितीये, तरी बेशिअर ५ टक्क्यांनी जिंकले. आता मला सांग, ही क्राइमची जाहिरात आहे का अ‍ॅबॉर्शनची? तुझ्या एक्सेल शीटमध्ये तू हिला कुठल्या कॉलममध्ये टाकलंस? मी शोधलं, अ‍ॅबॉर्शनमध्ये टाकलंयस. पण तिच्यात गुन्हा आहे, गुन्हेगार आहे, पीडित स्वतः बोलतेय. असल्या जाहिरातींसाठी वेगळा कॉलम कर.

आणि पीडित म्हणजे नुसता माल नसतो हे पण दिसलं. प्रोटासिएविच यांनी खालच्या कोर्टात जज असताना दिलेली शिक्षा सौम्य होती असं दाखवणाऱ्या एका जाहिरातीत जी केस वापरली, त्या केसमधल्या पीडित मुलीने पत्रकारांना सांगितलं की त्या जाहिरातीने तिला परत सगळा त्रास झाला. ही गोष्ट तू तळटीपेत ढकललीस, वर आण.

आता माझा मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं टाइप केलं. जाहिरात मत बदलत नाही फारसं, ती मतदाराला सांगते की आज तू कशाबद्दल मत देतोयस. आणि ते पटायला ज्या पदाची निवडणूक आहे त्या खुर्चीच्या हातात ती गोष्ट खरंच असावी लागते. २४ जून २०२२ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा डॉब्स केसचा निकाल आला, रो, म्हणजे देशभर गर्भपाताचा हक्क देणारा जुना निकाल, गेलं, आणि विस्कॉन्सिनमध्ये गर्भपातबंदीचा १८४९ चा कायदा कबरीतून उठून उभा राहिला. १८४९! राज्यच मुळात १८४८ ला झालेलं, आपल्याकडे भिडेवाड्यात नुकती मुलींची शाळा सुरू झाली होती. डॉक्टरांनी गर्भपात करणं थांबवलं. आणि त्या कायद्याची केस जाणार होती राज्याच्या सुप्रीम कोर्टात, म्हणजे त्याच खुर्चीकडे जिची निवडणूक होती. मग प्रोटासिएविचची जाहिरात ही जाहिरात कमी आणि नोटीस जास्त झाली. केलीच्या बाजूचा प्रॉब्लेम असा की सुप्रीम कोर्ट चोर-दरोडेखोरांना शिक्षा सुनावत बसत नाही. शेवटी जुलै २०२५ ला त्याच कोर्टाने ४ विरुद्ध ३ ने तो कायदा आता लागू नाही असं सांगितलं, आणि त्या चारात ती होती.

उलटं उदाहरण न्यूयॉर्कचं. २०२२ ला डेमोक्रॅट गव्हर्नर कॅथी होकुल यांनी पण अ‍ॅबॉर्शनवर जोर दिला, पण न्यूयॉर्कमध्ये गर्भपाताचा हक्क २०१९ लाच कायद्याने पक्का केलेला, रो गेलं तरी तिथे काही जाणार नव्हतं. मग लोकांना ती भीती लांबच्या गावची वाटली. आणि जामिनाचा कायदा मात्र तिथल्याच सरकारने सैल केलेला, गव्हर्नरच्या हातातला विषय, सबवेतल्या घटना रोज टीव्हीवर. विरोधी उमेदवार ली झेल्डिन यांनी तेवढंच एक धरून ठेवलं. होकुल जिंकल्या पण कशाबशा, ६ टक्के, जिथे दोन वर्षं आधी बायडन २३ टक्क्यांनी जिंकलेले. न्यूयॉर्कच्याच लाँग आयलंड भागातल्या हाउसच्या (अमेरिकन संसदेचं खालचं सभागृह) चारही जागा रिपब्लिकनांना गेल्या. मिशिगनला परत उलट, तिथे गर्भपात थेट मतपत्रिकेवर होता, प्रपोझल ३, हक्काच्या बाजूचं, ते पास झालं आणि गव्हर्नर व्हिटमर पण १० टक्क्यांनी जिंकल्या. म्हणजे तुझ्या टेबलमध्ये "कुठला मुद्दा" याच्या शेजारी "ती खुर्ची यात काय करू शकते" असा कॉलम हवाच.

विस्कॉन्सिनमध्येच अ‍ॅटर्नी जनरलची (म्हणजे राज्याचा मुख्य सरकारी वकील) लढत बघ, ती तू घेतलीच नाहीस! जॉश कॉल विरुद्ध एरिक टोनी, २०२२. टोनी जिल्ह्याचे सरकारी वकील, त्यांचा सगळा भर गुन्हेगारीवर, कॉल म्हणत होते १८४९ च्या कायद्यासाठी मी माझं खातं वापरणार नाही. इथे दोन्ही विषय खरंच त्या खुर्चीचे, आणि निकाल बघ, कॉल जेमतेम एक-सव्वा टक्क्याने. दोन्ही माल खरा असेल तर तराजू असा जवळजवळ सरळ राहतो.

अजून एक गोष्ट जी तुम्हा युनिव्हर्सिटीवाल्यांना दिसत नाही, रेट कार्ड. अमेरिकेत उमेदवाराला स्वतःच्या प्रचाराचा स्पॉट घ्यायचा असेल तर मुख्य निवडणुकीच्या आधीचे ६० दिवस स्टेशनला त्याला सगळ्यात स्वस्त रेट द्यावा लागतो, बाहेरच्या ग्रुपला तो रेट नाही, ते कित्येक पट मोजतात. २०२३ ला प्रोटासिएविच यांच्या स्वतःच्या प्रचाराकडे भरपूर पैसा होता, केली बरेचसे बाहेरच्या ग्रुपवर अवलंबून. म्हणजे डॉलर सारखे धरले तरी स्पॉट तिचे जास्त लागणार. तुझ्या ड्राफ्टमध्ये नुसते डॉलर आहेत. अ‍ॅबॉर्शनचा मेसेज जास्त चालला की जास्त वेळा दिसला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत बाळा. आणि उमेदवाराच्या जाहिरातीला स्टेशन कात्री पण लावू शकत नाही, खोटी असली तरी. आपल्याकडे टीव्हीवर राजकीय स्पॉट जायचा तर निवडणूक आयोगाच्या एमसीएमसी समितीचं सर्टिफिकेट लागतं, आमचा एक स्पॉट एका शब्दासाठी अडकून क्लायंटने माझं डोकं खाल्लं होतं.

तू विचारलं होतंस आपल्याकडे असं काही होतं का. गर्भपाताचं नाही, १९७१ पासून कायदा आहे, २०२१ ला काही बायकांसाठी मुदत २४ आठवड्यांवर गेली, प्रचारात कुणी नावही काढत नाही. आपल्याकडे या विषयातली पाटी फक्त सोनोग्राफी सेंटरवर, इथे गर्भलिंग निदान होत नाही. क्राइमचं मात्र होतं. ऑगस्ट २०२४ ला बदलापूरचं प्रकरण झालं, आपल्या डोंबिवलीपासून किती स्टेशनं ते तुला माहितीये, लोक रुळावर उतरले, लोकल बंद. मग सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि मुंबईत फडणवीसांच्या हातात बंदूक दाखवून "बदला पूरा" चे बॅनर लागले. मला वाटलं आता नोव्हेंबरची निवडणूक यावरच. कसलं काय, प्रचारात जिकडेतिकडे लाडकी बहीण, एक बाजू म्हणते १५०० चे २१०० करू, दुसरी म्हणते ३००० देऊ. पैसे खात्यात आलेले होते, ते सरकारच्या हातात होतं हे प्रत्येक बाईला दिसत होतं. परत तोच खुर्चीचा मुद्दा, पण हे तुझ्या पेपरमध्ये घालू नकोस, विषय पसरेल.

विस्कॉन्सिनच्या त्याच कोर्टाची एप्रिल २०२५ ची निवडणूक मात्र नक्की घाल. सुझन क्रॉफर्ड विरुद्ध ब्रॅड शिमेल, १० कोटी डॉलरच्या आसपास खर्च, मस्कचे पैसे, सगळा तमाशा. क्रॉफर्डने वकील म्हणून गर्भपात हक्काच्या केसेस लढलेल्या, तरी तिच्या बाजूच्या टीव्ही जाहिराती किती क्राइमच्या होत्या बघ, शिमेल राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल होते त्या काळात बलात्काराच्या तपासाचे किट हजारोंनी पडून राहिले म्हणून. आणि समोरून क्रॉफर्डने दिलेली शिक्षा कशी कमी होती. दोन्हीकडून क्राइम! ती १० टक्क्यांनी जिंकली. तुझं वाक्य खरं असतं तर दोन वर्षांपूर्वी हरलेला मुद्दा जिंकणाऱ्या पक्षाने उचललाच नसता.

आता काम सांगतो. तिथल्या टीव्ही स्टेशनांना राजकीय जाहिरातींची काँट्रॅक्टं एफसीसीच्या (टीव्ही-रेडिओवर देखरेख करणारी सरकारी संस्था) साइटवर टाकावी लागतात, कुणालाही बघता येतात. मिलवॉकीच्या स्टेशनांची २०२३ च्या मार्च महिन्याची उतरवून घे, त्यात स्पॉट कुठल्या प्रोग्रॅमला लागला आणि किती डॉलरला ते असतं. स्कॅन वाकडेतिकडे असतील, वाचता आले नाहीत तर तसेच पाठव, रेट शीट मी झोपेत पण वाचतो. शुक्रवारपर्यंत पाठवलंस तर शनिवारी तुझ्या सकाळी बोलू, रविवारी आम्ही मावशीकडे जातोय. आई विचारतेय भाजणी संपली का, तुझ्या रूममेटने तिचे पॅनकेक केले हे खरं का.

बाबा