मेंदूला ठोका देणारा कोणी नसतो

महोदय,

‘मेंदूच्या लहरी जितक्या जुळतील तितके डोके चांगले चालते’ अशा आशयाचा लेख आपल्या पुरवणीत वाचला आणि राहवले नाही. मी 27 वर्षे ईईजी, म्हणजे डोक्यावर तारा लावून मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख काढण्याच्या चाचणीचा, तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे.

रुग्णाने डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागातून सेकंदाला दहाएक लाटांची आल्फा लय उमटते, उघडले की विरते. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी 1929 साली जगापुढे मांडलेली ही लय मी रोज पाहिली. सुरुवातीला वाटायचे, आत कुणीतरी ठोका देत असणार. पण तसा कोणी नसतो. लय पेशींच्या आपसातल्या जोडणीतून येते.

गॅमा या अधिक जलद लयीचेच पाहा. मेंदूतल्या उत्तेजक पेशी पेटल्या, म्हणजे त्यांनी विजेचा संकेत सोडला, की त्या शेजारच्या अवरोधक पेशींना जागे करतात, आणि अवरोधक पेशी गॅबा हे रसायन सोडून सगळ्यांना गप्प करतात. अशी एकेक पेशी शेकडो शेजाऱ्यांना जोडलेली असते, म्हणून गप्प बसणेही एकदमच होते. काही मिलिसेकंदांत गॅबाचा अंमल ओसरतो, दबलेल्या पेशी जवळपास एकाच क्षणी मोकळ्या होतात आणि पुन्हा एकत्र पेटतात. सेकंदाला 30 ते 80 वेळा हे घडते. म्हणजे ताल सांभाळतात त्या गप्प करणाऱ्या पेशी! मला आजही याचे नवल वाटते.

मेंदूच्या आत खोलवर असलेला थॅलॅमस आणि मेंदूचे बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, यांच्यातही असाच फेरा चालतो. झोपेत त्यातून लहरींचे छोटे झुबके उठतात, ते निरोगीच. पण तोच फेरा भलत्या लयीत अडकला तर काय होते, ते एका सात वर्षांच्या मुलीने मला दाखवले. जोरजोरात श्वास घ्यावा म्हणून तिच्या हाती कागदी भिंगरी दिली होती. फुंकता फुंकता ती थांबली, नजर स्थिर झाली. पडद्यावर दोन्ही बाजूंना, सगळ्या तारांवर एकाच वेळी, सेकंदाला तीन अशा टोकदार लाटा. इतका जुळलेला आलेख मी क्वचितच पाहिला, आणि अपस्माराच्या झटक्याच्या त्या दहा सेकंदांत तिला हाक ऐकू येत नव्हती. मग भिंगरी पुन्हा फिरू लागली. मध्ये काही घडले हे तिला ठाऊकच नव्हते.

लहरींवर पुन्हा लेख छापाल तेव्हा शेजारी असा एक आलेखही छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त ईईजी तंत्रज्ञ