स्मरणशक्तीची गोळी नको, संशोधनाला परवाना द्या

माननीय आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

एलएसडी किंवा सिलोसायबिन (काही अळंब्यांमधलं द्रव्य) अशा सायकेडेलिक, म्हणजे भास घडवणाऱ्या, द्रव्याचा किंचितसा डोस घेतला की अभ्यास भराभर डोक्यात शिरतो, असं विद्यार्थी एकमेकांना छातीठोकपणे सांगतात. मी औषधशास्त्र शिकवतो, त्यामुळे मलाही विचारतात. याला भक्कम पुरावा नाही. २०२१ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९१ जणांची तपासणी प्रसिद्ध केली. आपली कॅप्सूल भरलेली की रिकामी, हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं. रिकामी घेणाऱ्यांनाही जवळपास तितकाच फरक जाणवला! मोठ्या डोसची तर उलटीच गत: अंमल असताना वाचलेलं नंतर धड आठवत नाही.

मग हे पत्र कशासाठी? उंदरांसाठी, म्हणा हवं तर.

उंदराला एका प्रकारच्या भुशावर सोबत्यांबरोबर ठेवायचं, दुसऱ्या प्रकारच्या भुशावर एकटं. मग दोन्ही समोर ठेवायचे. कोवळ्या वयाचा उंदीर सोबतीचा भुसा धरतो, प्रौढाला दोन्ही सारखेच. हे शिकण्याचं त्याचं वय उलटलेलं असतं. मेंदूशास्त्रज्ञ गुल डोलेन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात दाखवलं, की सायकेडेलिकच्या एका डोसनंतर प्रौढ उंदीरही पुन्हा तसं शिकतात. ही क्षमता सिलोसायबिननंतर सुमारे दोन आठवडे टिकते, एलएसडीनंतर तीन. पक्षाघातानंतर हाताची हालचाल नव्याने शिकणाऱ्या रुग्णाला शिकण्याची अशी वाढीव मुदत मिळेल का? उंदरावरून माणसाचं भाकीत करू नये, हे मीच वर्गात बजावतो. म्हणूनच माणसांवर रीतसर चाचण्या हव्यात.

त्या अडतात परवान्यापाशी. १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात ही द्रव्यं सर्वांत कडक यादीत आहेत, हे खरं. पण त्याच कराराचं सातवं कलम सरकारमान्य संस्थांत वैज्ञानिक वापराला मुभा देतं. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना औषधोपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर सिलोसायबिन देण्याची परवानगी दिली आहे. मी तेवढंही मागत नाही.

संशोधन परवान्याच्या अर्जावर ठरलेल्या मुदतीत निर्णय द्या. नकार असेल तर लेखी कारणासह. पहिल्या चाचण्या फिजिओथेरपी सुरू असलेल्या पक्षाघाताच्या रुग्णांवर होऊ द्या, मनोविकृतीचा इतिहास असलेल्यांना वगळून. निष्कर्ष प्रतिकूल आले तरी ते प्रसिद्ध करण्याची अट घाला. आणि 'स्मरणशक्तीवर्धक' म्हणून हा माल विकणाऱ्यांना कसलीही सूट देऊ नका.

कळावे,
आपला,
औषधशास्त्राचा एक शिक्षक