गोळी बंद केली आणि बरं वाटतंय म्हणालास

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवताना तू म्हणालास, "आई, आता हा विषय पुन्हा काढू नकोस." फोनवर नाही काढणार. लिहिते आहे. रागावूनच वाच हवं तर, पण शेवटपर्यंत वाच.

नव्या जागी सामान लागलं, झोप लागते, हे ऐकून जीव भांड्यात पडला. तुझ्या हाताखाली माणसं दिलीत हे बाबा भेटेल त्याला सांगताहेत, काल दूधवाल्यालाही सांगून झालं. मी मात्र तुझं बाकीचं सगळं बोलणं विसरले आणि एकाच वाक्याशी अडून बसले आहे. "थायरॉईडची गोळी बंद केली आणि मला काहीच झालं नाही, उलट बरं वाटतंय."

एवढं एकच समजून घे, मग मी गप्प बसते. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जे हार्मोन बनवते ते थायरॉक्सिन, तुझी ग्रंथी ते पुरेसं बनवत नाही म्हणून ही गोळी. या गोळीतलं थायरॉक्सिन अंगातून निम्मं कमी व्हायला साधारण ७ दिवस लागतात. पुढच्या ७ दिवसांत उरलेल्यातलं निम्मं. शिवाय तुझी ग्रंथी अजून थोडंफार बनवते. म्हणून बंद केल्यावर सुरुवातीला काहीच जाणवत नाही, आणि माणसाला वाटतं, उगाच खात होतो. नंतर जे येतं ते इतक्या सावकाश येतं की आजार आहे हे लक्षातच येत नाही. कामाचा ताण वाटतो, थंडी वाटते, पोट साफ होत नाही, मन कशात लागत नाही, आणि प्रत्येकाला आपण वेगळं कारण शोधून देतो. डोस बदलल्यावर डॉक्टर लगेच रक्त तपासत नाहीत, ६ ते ८ आठवडे थांबवतात, ते याचसाठी. तेव्हा आत्ता बरं वाटतंय, याला मी पुरावा मानत नाही.

अक्काला तू फोटोतच पाहिलंस, तोही शेवटचा, लग्नातला. त्याआधीची अक्का मी पाहिली आहे. भर उन्हाळ्यात शाल घेऊन बसायची. चेहरा सुजलेला, भुवयांची बाहेरची टोकं विरळ झालेली, बोटातली अंगठी रुतून बसलेली, साबण लावूनही निघेना. कपड्यांच्या घड्या घालायला बसली की हातात अर्धा दुमडलेला सदरा तसाच राहायचा आणि ही भिंतीकडे बघत. घरात सगळे म्हणायचे, आळशी झाली, जाड झाली, हिला काही करायला नको. तिचा आवाजही जड झाला होता, घोगरा, पुरुषासारखा. तिच्या गळ्याला कोणी हात लावून बघितलं नाही, रक्त तपासायचं कोणाला सुचलं नाही. पुढे एका डॉक्टरीण बाईंनी नाडी धरली, ती इतकी संथ लागली की त्यांनी तिथेच तपासणी लिहून दिली. गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी अक्कानं मला स्वयंपाकघरातून हाक मारली, कशावरून तरी रागावून, तिच्या त्या जुन्या खणखणीत आवाजात. मी दारातच रडायला लागले. तिला कळेना की हिला झालं काय.

तू म्हणालास, हा बायकांचा आजार आहे. बायकांना जास्त होतो हे खरं, कितीतरी पटीनं. पण पुरुषांना होतो, आणि तुला झालाय. तुझ्या रिपोर्टमध्ये अँटीबॉडी वाढलेल्या होत्या, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उठते. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव लागलं. घराण्यात असला की पुढे येण्याची शक्यता वाढते. अक्काला होता, मला आहे, ताईला आहे. तुला माझे डोळे आले, माझे केस आले, त्याचं सगळे कौतुक करायचे. हेही माझ्याकडूनच आलं असेल, हे माझ्या मनातून जात नाही. तू म्हणशील यात कोणाचा दोष नसतो. मलाही कळतं ते. तरी जात नाही.

आता आहाराचं. गोळीऐवजी त्यानंच भागेल असं तुला वाटतं. तुझ्या आहारावर माझा राग नाही. साखर कमी केलीस, बाहेरचं बंद केलंस, भाज्या वाढवल्यास, धावतोस, छानच आहे. थायरॉईडनं पोट जड राहतं, कोलेस्टेरॉल चढतं, त्याला या सगळ्याचा उपयोगच होईल. पण थायरॉईडनं वजन वाढतं ते बहुतेकांचं थोडंच, आणि त्यात बराचसा भाग अंगात साठलेल्या पाण्याचा असतो. गोळीनं तेवढं उतरतं, बाकीचं तुझ्या धावण्यानंच उतरणार. गव्हाचं कशासाठी सोडलंस? सीलिअ‍ॅक (गहू आतड्याला न सोसण्याचा आजार) असेल तर सोडावंच लागतं, आणि हाशिमोटो असणाऱ्यांत तो जरा जास्त सापडतो, म्हणून डॉक्टरांना विचारून त्याची तपासणी करून घे. पण ती तपासणी गहू खात असतानाच करायची असते, सोडल्यावर नीट कळत नाही. कोबी-फ्लॉवरनं थायरॉईड मंदावेल म्हणून इतकं घाबरायचं कारण नाही, शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाल्लं तर काही होत नाही.

ती समुद्री शेवाळाची पावडर मात्र आजच बंद कर. ती नैसर्गिक आहे म्हणालास. तिच्यात आयोडीन असतं, आणि किती ते चमच्याचमच्याला बदलतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, ते आयोडीनयुक्त मिठातून, दुधातून, माशातून मिळून जातं. अन्नात आयोडीनच नाही म्हणून ज्यांची ग्रंथी मंदावते, त्यांना आयोडीननं फरक पडतो. तुझं तसं नाही. तुझ्यासारख्याला जास्तीचं आयोडीन दिलं तर ग्रंथी आणखी मंदावू शकते. कुठल्याही जेवणात थायरॉक्सिन नसतं रे. ते ग्रंथीनं बनवायचं, नाहीतर गोळीतून घ्यायचं. मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी थायरॉईडला हाका मारत असते, त्या हाकेचं नाव टीएसएच. ओ आली नाही की हाक मोठी होते. तुझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये तो आकडा केवढा होता ते तुझ्यापेक्षा माझ्या जास्त लक्षात आहे.

व्याख्यान झालं, कळतंय मला. माफ कर. तू आता कुकुलं बाळ नाहीस.

पण बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हाचं आठव. औषधांचं वेळापत्रक तू लिहून कपाटाच्या दारावर चिकटवलं होतंस, सकाळचं लाल शाईनं, रात्रीचं निळ्या. रात्री उठून गोळ्या दिल्यास, एकही चुकू दिली नाहीस. बाबा कुरकुरायला लागले तर त्यांना म्हणालास, "मला कारणं सांगू नका, तोंड उघडा." मी आतल्या खोलीतून ऐकत होते. तेव्हा वाटलं होतं, आता आपली काळजी नाही, हा आहे. तोच मुलगा स्वतःच्या बाबतीत "बघू" म्हणतो, हे मला पटत नाही.

आयुष्यभर गोळी घ्यायची म्हणजे मी काय म्हातारा झालो का, असं तू विचारलंस. मला हे सांगितलेलं आठवतं: १८९१ साली जॉर्ज मरे नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका बाईला टोचून बघितला. तोवर या आजारावर इलाजच नव्हता, माणूस सुजत, मंदावत जायचा. ती बाई त्यानंतर २८ वर्षं जगली. आज आपल्याला टोचून घ्यावं लागत नाही, शरीरातल्या थायरॉक्सिनसारखंच हुबेहूब बनवलेलं एवढ्याशा गोळीतून मिळतं. कमी असलेलं भरून काढणं यात म्हातारपण कुठून आलं?

सकाळी धावायला जायची घाई, त्यात अनशापोटी गोळी, मग अर्धा-पाऊण तास कॉफी नाही, हे जमत नाही म्हणालास ना? तर मग रात्री घे. शेवटच्या खाण्यानंतर किमान ३ तास जाऊ दे आणि झोपताना पाण्याबरोबर घे. डॉक्टरांना एकदा विचार, बहुतेक हो म्हणतील. मात्र वेळ एकच धर. कॅल्शियमच्या, लोहाच्या गोळ्या आणि तिच्यात ४ तासांचं अंतर ठेव, नाहीतर ती पोटात नीट शोषलीच जात नाही. एखादा दिवस चुकला तर घाबरू नकोस, अंगात साठा असतो. पण बुडालेल्या महिन्यांची भरपाई म्हणून दोन-दोन घेऊ नकोस. जास्त झाली की छाती धडधडते, झोप उडते, पुढे हाडं ठिसूळ होतात. कमी-जास्त करणं डॉक्टरांचं काम, तुझं नाही आणि माझंही नाही.

ताईचं बघितलंस ना. तिला दिवस राहिल्याचं कळलं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी डोस वाढवला, कारण पहिले महिने पोटातलं बाळ आईच्याच हार्मोनवर वाढतं. ताईनं एक दिवस चुकवला नाही. ती तुझ्याहून धांदरट, हे तूच म्हणतोस. आता ते पिल्लू घरभर पळतं आणि तुझ्या जुन्या बुटांत पाय घालून फिरतं.

पुन्हा तिथेच आले. मी ठरवलं होतं, एकदाच लिहायचं आणि पुढे तुझ्या नव्या कामाचं विचारायचं. पण अक्काचा तो दुमडलेला सदरा डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि तू तिकडे एकटा आहेस. तू गप्प गप्प झालास, तुझा आवाज जड झाला, तर तिथे कोणाला कळणार? ऑफिसातल्यांनी तुझा आधीचा आवाज ऐकलेलाच नाही.

म्हणून या आठवड्यात रक्त दे. केसांसाठी ती बायोटिनची गोळी घेतोस, ती रक्त द्यायच्या आधी दोन दिवस तरी बंद ठेव, तिच्यामुळे थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गोळी बंद केली होती हे त्यांना स्वच्छ सांग, लपवू नकोस, नाहीतर ते त्या आकड्यावरून डोस वाढवून बसतील. गोळीची गरज नाही असं ते म्हणाले, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. तू म्हणालास म्हणून नाही काढणार असं मात्र होणार नाही.

बाबा विचारताहेत, धावताना गुडघ्याला लावायचा पट्टा इथेच राहिलाय, पाठवायचा का? ताई रविवारी येणार आहे, तिच्याबरोबर बांधून देते. काय काय हवंय ते तिलाच कळव.

तुझी,
आई