सूचना : वाय-फायचा चॅनल तपासून बदला

सर्व सभासदांना नमस्कार.

जुळे सोलापुरातल्या आपल्या इमारतीत रात्री नेट रखडतं, त्याला बरेचदा प्लॅन नव्हे तर शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी कारण असते. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ या लहरींच्या पट्ट्यावर १३ चॅनल (म्हणजे सिग्नलच्या वाटा) दिसले तरी एकमेकांवर न चढणारे तीनच धरा: १, ६ आणि ११. मधला ३ किंवा ८ मोकळा दिसला तरी घेऊ नका. एकाच चॅनलवरचे राउटर निदान आळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेले एकमेकांचा नुसता गोंगाट करतात.

रात्री नऊच्या सुमारास मोबाइलवरच्या, आसपासच्या राउटरांचे चॅनल दाखवणाऱ्या वाय-फाय अ‍ॅनालायझरमध्ये तिघांपैकी कुठे गर्दी कमी ते पाहा. मग राउटरच्या लेबलवरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये टाका, वायरलेस सेटिंगमध्ये ‘ऑटो’ऐवजी तो चॅनल द्या, विड्थ (चॅनलची रुंदी) २० मेगाहर्ट्झ ठेवून सेव्ह करा. थोडा वेळ नेट जाईल, घाबरू नका. विड्थ ४० ठेवलीत तर जवळजवळ अर्धा पट्टा एकटेच अडवाल. कृपया तसं करू नका.

टीव्ही राउटरच्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झच्या वेगळ्या पट्ट्यावर जोडा. आणि हो, राउटर पत्र्याच्या कूलरमागे ठेवू नका. पत्रा आणि टाकीतलं पाणी दोन्ही सिग्नल अडवतात.