ताण घालवायला बसाल, तर ताण वाढेल

महोदय,

२१ डिसेंबरच्या जागतिक ध्यान दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. डोळे मिटा, श्वासाकडे बघा, दिवसभराचा शीण उतरेल, असा एकूण सूर. सोबत समुद्रकिनारी मांडी घालून हसऱ्या चेहऱ्याने बसलेली तरुणी. मी एसटीत चालक होतो. निवृत्तीनंतर इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं आणि घरीही बसतो. आमच्या हॉलमध्ये असा हसरा चेहरा काही माझ्या नजरेस पडला नाही.

तिथे पहाटे ४ वाजता घंटा होते. मोबाइल जमा, बोलणं बंद, दिवसाकाठी दहाएक तास बैठक. पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास तेवढा बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना तटस्थपणे बघणं, शिकवतात आणि मग 'अधिष्ठान' सुरू होतं: तासभर डोळे उघडायचे नाहीत, हातपाय हलवायचे नाहीत. जन्मभर क्लच दाबून कामातून गेलेला माझा डावा गुडघा लगेच ठणकू लागे. ते एक वेळ परवडलं. पण धाकट्या भावाशी विहिरीच्या पाळीवरून झालेलं जुनं भांडण, जे मी कधीच सोडून दिलं असं घरात सांगत होतो, ते शब्द न् शब्द ऐकू येऊ लागलं. त्या वेळी न सुचलेलं उत्तरही तिथेच सुचलं. मौनामुळे कुणाला सांगायची सोय नाही!

यात नवल नाही. एरवी मन कामात, गप्पांत, टीव्हीत गुंतलेलं असतं. ते सगळं काढून घेतलं की खाली दडपलेलं वर येणारच. पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताचे नऊ अडथळे मोजून ठेवलेत. त्यात आजारपण, संशय, आळस सगळं आहे. ही शिबिरं भारतात सुरू करणारे सत्यनारायण गोएंका १९५५ साली ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते मायग्रेनने बेजार होऊन. नुसती डोकेदुखी घालवायला ही विद्या नाही, म्हणून गुरूंनी आधी नकारच दिला होता.

माझी सून मोबाइलवर ॲप लावून बसते. चुळबुळ सुरू झाली की उठते, "बाबा, मला नाही जमत." अहो, चुळबुळ दिसली म्हणजेच काम सुरू झालं, हे तिला कुठल्याच लेखाने सांगितलेलं नाही.

आणखी एक. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, ते उगाच नाही. ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी तिथे खरं लिहावं, आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. लेखात याचा उल्लेखच नाही. पुढच्या वर्षी त्या तरुणीचं छायाचित्र थोडं लहान करून ही सूचना चौकटीत छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त एसटी चालक, सिन्नर (जि. नाशिक)