सोमवारी शाळा उघडते

सातारा, मंगळवार

प्रिय दिल्या,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही. रागावला असशील तर रागाव, पण आधी हे वाच. आम्ही सगळे ठीक, आईचा गुडघा आहे तसाच, आणि आमच्या चिऊचा टाइप १ मधुमेह सोबतीला.

परवा संध्याकाळी चिऊ खाली लगोरी खेळत होती. हाकेला ओ येईना म्हणून उतरलो, तर जिन्यात भिंतीला टेकून एकटीच बसलेली. केस घामाने कपाळाला चिकटलेले, हात थरथरत होते. मशीनवर रक्तातल्या साखरेचा आकडा ५२, म्हणजे फारच कमी. फ्रॉकच्या खिशात ग्लुकोजची पुडी होती, न फोडलेली. साखरपाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं, ८९. पुडी का नाही खाल्लीस विचारलं, तर म्हणाली, "सगळ्या बघत होत्या."

तेव्हापासून मला तूच दिसतोयस. शाळेत पाण्याच्या टाकीमागे फिट्सची गोळी कोरडीच गिळणारा, आणि मी राखणीला उभा.

सोमवारपासून तिची चौथी. दिवाळीनंतर हिने रजा काढून रोज डब्याच्या सुट्टीत शाळेत जाऊन इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं. आता रजा संपली. चिऊ इन्सुलिनच्या पेनावर युनिट लावून स्वतः टोचून घेते, बाईंनी फक्त आकडा बघायचा. मशीन, पट्ट्या, पेन, पुड्या, बिस्किटं असा बटवा तयार आहे. एकदा ३१० आले आणि आमचं धाबं दणाणलं. नंतर कळलं, बाईसाहेबांनी आंबा खाऊन हात धुतले नव्हते. धुऊन बघितलं तर १४२!

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "जबाबदारी आमची नाही, असं लिहून द्या." मी नाही दिलं. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली राज्यांना पत्र लिहिलं होतं, की अशा मुलांना शाळेत साखर तपासू द्या, इंजेक्शन घेऊ द्या, मधे खाऊ द्या. तेच छापून पुढे ठेवलं. वर्गशिक्षिकांसाठी एक कागद लिहिलाय: घाम, थरथर, उगाच चिडचिड दिसली की तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, आम्हाला आणि डॉक्टरांना लगेच फोन. आणि काही झालं तरी तिला एकटीला ऑफिसात पाठवू नका. ही ओळ दोनदा लिहिलीय.

पण वर्गाचं काय? चिऊ म्हणते, "मुलांना सांगितलंत तर मी शाळेतच जाणार नाही." ही म्हणते, सगळ्यांना सांगून टाकू. शेजारच्या काकूंनी "गोड फार दिलंत हो" म्हटलं तेव्हापासून ती पेटलीय. शरीरच आपल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं, त्यात पोरीने काय खाल्लं याचा संबंध नाही, हे किती जणांना सांगायचं?

आठवीत स्काउटच्या शिबिराआधी मी सरांना तुझ्या फिट्सचं सांगितलं. तू दिवाळीपर्यंत बोलला नाहीस, माझी कंपासपेटीही परत दिली नाहीस. (ती अजून येणं आहे.) तिथे खरंच फिट आली, पोरं कांदा घेऊन धावली, आणि सरांनी त्यांना हटवून तुला कुशीवर वळवलं. सांगितलं होतं म्हणूनच ना, असं मी तुला किती वर्षं ऐकवतोय. पण ते महिने तुझे कसे गेले हे कधी विचारलं नाही. आज विचारतो. सरांना सांगायच्या आधी मी तुला विचारलं असतं, तर तू हो म्हणाला असतास का? का तेव्हाही नाहीच?

बडोद्यात घर लागलं का? पिंट्याचं पुढचं काय ठरलं, कळव. वहिनींना नमस्कार.

चिऊशी एकदा बोल. तिला तुझ्या गोळ्यांचं मी काही सांगितलेलं नाही, ते तुझं तू सांग, वाटलं तरच. रविवारी साडेसातला फोन कर. आठला तिचं इंजेक्शन आणि जेवण असतं.

तुझा,
बंड्या